मनोहर, तेल कुठून गळत होतं

मनोहर,

तुझ्या तेरवीला मंडपात चार जण उठून बोलले. शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात, हातात कला होती, असं सगळं. मग माझ्याकडे पाहून कोणीतरी म्हणालं, "हमीदभाऊ, तुम्ही तर सगळ्यात जवळचे. बोला दोन शब्द." मी घशाकडे बोट दाखवलं, आवाज बसला म्हणून. आवाज चांगला होता. पण तिथे काय सांगणार होतो? एका गाडीखाली पडलेल्या डागावरून आपण दोघं वर्षानुवर्षं भांडलो, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही, हे पंगतीत वाढायच्या आधी सांगण्यासारखं नव्हतं.

मी रडलो नाही, हेही सांगून टाकतो. स्मशानात नाही, घरी येऊनही नाही. तुझ्या रेहानावहिनीनं संध्याकाळी विचारलं, "तुम्हाला काही होऊन राह्यलं का?" मी म्हटलं, नाही. खरंच काही होत नव्हतं. दुकान उघडतो, काम करतो, बंद करतो. तुझ्या बाजूनं लेथचा आवाज येत नाही, म्हणून रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक जास्त मोठ्यानं ऐकू येतात, एवढाच फरक. तर लिहून काढतो. मराठी शाळेत आपण एकाच बाकावर होतो, आणि शुद्धलेखनात तू माझ्याहून कच्चा होतास, त्यामुळे चुका काढायला तू येणार नाहीस.

आपल्या दोन दुकानांमध्ये एक भिंत. तिकडे तू आणि लोखंड कातायची तुझी लेथ, इकडे मी आणि ट्रकांची इंजिनं. त्या भिंतीला हातभर चौकोनी भोक तूच पाडलंस, घरमालकाला न विचारता. घरमालक तणतणत आला तेव्हा तू म्हणालास, "हवेसाठी केलं बापा, आत लय गरम होते." त्यातून बुश, पिना, क्रँक इकडून तिकडे जायचे. चहा जायचा. तुझ्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी यायची आणि मी ती परत ढकलायचो. आणि भांडणं तर त्यातूनच व्हायची, कारण तू तुझी लेथ सोडत नव्हतास आणि मी माझं इंजिन.

ती गाडी तुला राळेगावला दिसली. तू एका कापसाच्या जिनिंगमध्ये शाफ्ट बसवायला गेला होतास. आवाराच्या कोपऱ्यात, सरकीच्या पोत्यांमागे, जुनी विलायती मोटार उभी. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, आणि आत कोंबड्या. मालकाच्या आजोबांची होती ती. मालकाला जागा मोकळी हवी होती, तुला गाडी. परत आलास आणि भोकातून तोंड घालून म्हणालास, "हमीद, एक मढं पाहून आलो. जितं करू शकतो आपण."

"कोणाले पाहिजे?"

"आपल्याले."

तू आधी कधी कशाची हौस केलेली मी पाहिली नव्हती, म्हणून हो म्हटलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून ती वणीला आणली. ट्रकांच्या कामातून वेळ काढून काढून आपण तिला उभी केली. जे बाजारात मिळत नव्हतं ते तू घडवलंस, आणि तिचं जवळजवळ काहीच बाजारात मिळत नव्हतं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली, तू लेथ बंद केलीस आणि नुसता ऐकत उभा राहिलास. समोरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून आला. आवाज गोड होता, हे मलाही मान्य.

दुसऱ्या दिवशी खाली काळा डाग दिसला.

जुनी गाडी म्हटली की तेल गळायचंच, त्यात विशेष नाही. खाली पुठ्ठा घालायचा आणि विसरायचं. पण हे तेल इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्यातून येत होतं. बाहेर ठिबकायचं ते थोडं; आत क्लचच्या प्लेटवर उडायचं ते जास्त. प्लेट तेलकट झाली की घसरते. सपाट रस्त्यावर गाडी चालायची. चढ लागला की इंजिन ओरडायचं, जळका वास सुटायचा आणि गाडी जागची हलायची नाही. म्हणजे वणीत फिरवायला, लग्नाच्या वरातीत न्यायला ठीक. घाट चढायचं नाव नको.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, क्रँकच्या मागच्या टोकाशी झीज आहे. त्या इंजिनाला तिथे रबरी सील नसतंच. क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात, ते फिरताना तेलाला आत ढकलतात. ते आटे झिजले, असं तुझं म्हणणं. मी म्हणालो, तेल वरून येतं. टॅपेटच्या बाजूच्या झाकणातून निघतं, ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि खाली येऊन ठिबकतं.

"तुले लेथवाल्याले जग सगळं झिजलेलंच दिसते," मी म्हणालो.

"अन् तुले सगळं वरूनच येते. पाऊस बी, तेल बी."

इंजिन खाली उतरवलं. तू पितळेची कडी करून त्या आट्यांभोवती बसवलीस. काम सुंदर होतं. गळती थोडे दिवस कमी झाली, मग होती तशी. पुन्हा उतरवलं. या वेळी माझी पाळी. झाकणाला नवं पॅकिंग, हवेची नळी साफ, सगळं. आठवडाभर पुठ्ठा कोरडा राहिला आणि मी तुला टोमणे मारून घेतले. मग पुन्हा डाग. असं होत राहिलं. प्रत्येक जण आपापली जागा दुरुस्त करायचा आणि दुसऱ्याच्या जागेकडे पाहायचा नाही. मी कधी म्हटलं की एकदा पूर्ण खोलून, धुऊन, नीट शोधून काढू, तर तू म्हणायचास, "पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात तुझ्याकडे लेथचं काम असायचं. नसलं तर तू ते काढायचास.

याच काळात कधीतरी वत्सलावहिनी दुकानात आल्या. तू बाहेर गेला होतास. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हमीदभाऊ, हे कधी होईल? हे म्हणतात, गळती थांबली की नंदाकडे पुसदले आपल्या गाडीनंच जाऊ."

"असं कधी म्हणाला?"

"गाडी आणली तवापासून म्हणून राह्यले."

त्या तेव्हा लेकीकडे पुसदला एसटीनं जायच्या. यवतमाळला उतरायचं, दुसरी गाडी धरायची, मांडीवर पापडांचा डबा. तू त्यांना स्टँडवर सोडायचास, खिडकीतून पिशवी आत द्यायचास आणि परत येऊन लेथला लागायचास.

नंदाबद्दल तू माझ्याशी बोलायचा नाहीस. आपल्यात कोणताही विषय वर्ज्य नव्हता. माझ्या भावाशी झालेलं वाकडं तू भर दुकानात मला ऐकवलं होतंस. पण तुझ्या एकुलत्या एका मुलीचं नाव निघालं की तू माप घ्यायला लागायचास. मला जे माहीत, ते वहिनींनी सांगितलेलं. दारव्ह्याकडे तिला दिली होती. दुसऱ्या वर्षी ती घरी आली. हातावर, खांद्यावर माराचे डाग होते. वहिनींनी पाहिले, तू पाहिले नाहीस. तुला दाखवले नाहीत असं तू पुढे म्हणालास. आठवडाभर ती राहिली. मग तिकडून निरोप आले, तुझे भाऊबंद बसले, चार शहाण्यांनी समजावलं. एका सकाळी तू कोणाची तरी जीप मागून आणलीस आणि तिला परत नेऊन सोडलंस. त्या दिवशी दुकान बंद होतं, एवढं मला आठवतं. मी कारण विचारलं, तू म्हणालास, काम होतं.

पुढे ती तिथून स्वतःच निघाली. एका पिशवीनिशी. वणीला आली नाही. पुसदला तिची एक मैत्रीण होती, तिच्याकडे गेली. शिवणकाम शिकली, मग शिकवायला लागली. काडीमोड झाला. दोन खोल्या घेतल्या. तुझ्याशी ती भांडली नाही, तुला बोल लावला नाही. नुसती तुझ्या घरी आली नाही, आणि तू तिच्या.

एका दुपारी मी भोकातून बोललो. हिवाळा गेला होता, उन्हाळा गेला होता, आणि तू पुन्हा पुढच्या महिन्याचं नाव काढलंस.

"मनोहर, तुले गळती बंद करायचीच नाही."

लेथ थांबली. "काय म्हटलं?"

"ऐकलं तू. गळती थांबली तर घाट चढता येते. घाट चढला तर पुसद येते."

तू कापडानं हात पुसलेस. मग म्हणालास, "तुले पोरगी नाही. तू इंजिन पाह्य." आणि त्या भोकावर पत्रा ठोकलास. खिळे ठोकताना आवाज जरा जास्तच केलास.

सोयाबीन निघेपर्यंत तो पत्रा तिथे होता. कामं चालू राहिली, कारण ट्रकवाले आपल्या रुसव्यासाठी थांबत नाहीत. पण तुझ्याकडची पिन माझ्याकडे रस्त्यावरून, उन्हातून, गिऱ्हाइकाच्या हातून यायची. चहावाला दोन फेऱ्या मारायचा आणि दोघांनाही शिव्या घालायचा. मी बोललो ते खोटं नव्हतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आत्ताही वाटतं. तू ते कधी मान्य केलं नाहीस, नाकारलंही नाहीस.

कापूस वेचणीला आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी दुकान उघडलं तर पत्रा काढलेला. पलीकडे तू उभा. दाढी केलेली नव्हती.

"खोल," तू म्हणालास.

"काय?"

"गाडी. पूर्ण खोल. आता ते कुठून गळते ते पाहूनच घेऊ."

"काहून? काय झालं?"

तू सांगितलंस ते एका दमात सांगितलंस. नंदाचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. वहिनी तिकडे गेल्या होत्या आणि ती दवाखान्यातून घरी आल्यावर परतल्या होत्या. रात्री तुला वाढताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं सहीसाठी घरचं माणूस मागितलं. वडील कुठे आहेत, असं विचारलं. वहिनी पुढे झाल्या, पण पेन घेऊन सही कुठे करायची तेच शोधत राहिल्या. तेव्हा नंदा पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "द्या इकडे. मीच माझ्या घरची." आणि सही केली.

एवढं सांगून तू तोंडात खर्रा भरलास. मी पाना उचलला.

त्या दिवशी आपण भांडलो नाही, हे मला विचित्र वाटत होतं. इंजिन बाहेर काढलं, दोन लाकडी ओंडक्यांवर बसवलं. रॉकेलनं धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं. मग तू खिशातून वहिनींचा पावडरचा डबा काढलास. पाठीमागून सगळं इंजिन आपण पावडरीनं पांढरं केलं. तेल ओलं, पांढऱ्यावर ते जिथून निघेल तिथे रेघ उमटणार. साधी युक्ती. दोघांनाही ठाऊक होती, दोघांनीही इतकी वर्षं वापरली नव्हती. पेट्रोलची बाटली वर टांगली, इंजिन सुरू केलं. दुकानात मोगऱ्याचा वास आणि धूर. तू डाव्या बाजूला उकिडवा, मी उजव्या बाजूला, दोघांच्या हातात टॉर्च. मी वरच्या झाकणाकडे पाहत होतो. तू खाली क्रँककडे.

रेघ निघाली ती दोन्हीच्या मधून. गिअरबॉक्स जिथे जुळतो तिथलं मागचं लोखंडी पान आणि ब्लॉक यांच्या फटीतून, क्रँकच्या वीतभर वर. माझं झाकण पांढरंशुभ्र होतं. तुझ्या आट्यांपाशीही, ती रेघ खाली पोचेपर्यंत, कोरडंच होतं.

इंजिन बंद करून फ्लायव्हील काढलं, पान काढलं. ब्लॉकच्या पाठीवर, कॅमशाफ्ट जिथे संपतो तिथे, जुन्या लाखेचा आणि रंगाचा जाड थर होता. आधीही तो दिसला होता. आपण त्याला ब्लॉकचाच भाग समजलो होतो. तू ब्लेडनं खरवडलंस. खालून पत्र्याचं गोल झाकण निघालं, आपल्या रुपयापेक्षा जरा मोठं. त्याची कड गंजानं खाल्लेली. मी स्क्रू-ड्रायव्हरनं दाबलं तर कडेनं तेलाचा मणी फुगला.

तू तो मणी बोटानं पुसलास.

"म्हणजे तू बी चुकला," तू म्हणालास.

"अन् तू बी."

"पण मी म्हटलं होतं, मागून हाये. मागूनच निघालं."

"क्रँकवरून म्हटलं होतं तू. हे तर वरून आलं."

"वीतभर वरून! याले वरून म्हणते का कोणी?"

हे भांडण इथेच राहिलं आहे, मनोहर. तुझ्या जाण्यानं तू जिंकला नाहीस. तेल क्रँकच्या वरून येत होतं.

नवं झाकण तू पितळेचं केलंस. तेव्हा मी तुझ्या बाजूला येऊन उभा राहिलो होतो. मागे मोतीबिंदू काढल्यानंतर माझ्या उजव्या डोळ्यानं नीट दिसेना, तेव्हा कितीतरी दिवस माझ्या ट्रकांचे टॅपेट तू सेट केले होतेस. मी आवाज ऐकून सांगायचो, तू पाना फिरवायचास, आणि गिऱ्हाइकासमोर असं दाखवायचास की तुला हौस म्हणून करतो आहेस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. आपल्यात तशी रीत नव्हती. आता म्हणतो: ते नसतं, तर माझं दुकान तेव्हाच बंद पडलं असतं. त्या दिवशी तू लेथवर पितळेची चकती कातत होतास, पिवळ्या कुरळ्या निघत होत्या, आणि तू इतका हळू काम करत होतास की मला शंका आली, आता हाही महिना जाणार. पण झालं. मी ती चकती ठोकून बसवली. नवी क्लचप्लेट घातली. गाडी जुळली.

पुठ्ठा कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशीही. पंधरवडाभर तू रोज सकाळी वाकून पाहायचास, आणि माझी खात्री आहे की तुझी थोडी निराशाच व्हायची. मग तू म्हणालास, टायर जरा जुने वाटतात. मग हॉर्न बारीक वाजतो. मी काही बोललो नाही. एकदा बोलून पाहिलं होतं.

बोलल्या नाहीत त्या वहिनीही. एका सकाळी त्या दुकानात आल्या, गाडीचं मागचं दार उघडलं, पिशवी आत ठेवली आणि स्वतः बसल्या. पदर सावरला आणि समोर पाहत राहिल्या. तू लेथजवळ उभा. हातात कापड.

"कुठं चालली?" तू विचारलंस.

"तुम्ही न्याल तिथं," त्या म्हणाल्या.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी शटर ओढलं आणि पुढे येऊन बसलो. कारण मी नसतो आलो तर तू यवतमाळच्या पुढे गेला नसतास.

गाडी मस्त चालत होती. यवतमाळच्या बाहेर पडताना एका नाक्यावर तू गाडी हळू केलीस, इतकी हळू की मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. मला वाटलं काही बिघडलं. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. मग तू गिअर बदललास आणि पुढे निघालास. दिग्रसच्या पुढे चढ लागला. मी कान लावून बसलो होतो. क्लच घसरला नाही. वर पोचल्यावर तू गाडी बाजूला घेतलीस आणि रस्त्यावर आडवा होऊन खाली पाहिलंस. कोरडं होतं. तू उठलास, कपडे झटकलेस, आणि बराच वेळ दरीकडे तोंड करून उभा राहिलास. मी चल म्हटलं नाही.

पुसदला नंदाचं घर एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. वहिनी पिशवी घेऊन जिना चढल्या. मीही चढणार होतो. पाहतो तर तू बॉनेट उघडलेलं. आत बघायचं काही नव्हतं. मग मीही तुझ्याजवळ उभा राहिलो, दोघं बिघाड झाल्यासारखे.

नंदा खाली आली. मी तिला परकराच्या वयापासून ओळखतो, पण एकदम ओळखलं नाही. गळ्यात टेप, केसांत थोडा पांढरा रंग. तुझ्यापासून जरा अंतरावर थांबली.

"काय झालं गाडीले?"

"काही नाही. पाहून राह्यलो."

"किती वेळ पाहान, बाबा?"

तू बॉनेट टेकवलं नाहीस, तसाच धरून उभा राहिलास. मी सरकायला लागलो. ती म्हणाली, "काका, थांबा तुम्ही. काही खाजगी नाही." मग तुला म्हणाली, "मले तुम्ही सोडायले नेलं होतं जीपनं. रस्त्यात मी काय म्हटलं होतं, आठवते?"

"आठवते."

"सांगा मग."

तू तोंडातला खर्रा बाजूला जाऊन थुंकलास. परत आलास. तुझा आवाज इतका साधा होता की मला तो अजून ऐकू येतो.

"यवतमाळच्या नाक्यावर तू म्हटलं, बाबा, गाडी वळवा."

"मग?"

"नाही वळवली."

गल्लीतून एक सायकल गेली. नंदा काही रडली वगैरे नाही. तिनं मान हलवली, शिवण तपासताना हलवावी तशी.

"बस्," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. चला वर. भाजी होऊन राह्यली."

तू बॉनेट लावलंस आणि तिच्या मागोमाग जिना चढलास. वर आपण तिघं जेवलो, ती वाढत होती. तुम्ही दोघं क्लचबद्दल बोललात. तिला खरंच रस होता, बारीक प्रश्न विचारत होती. सगळं एकदम गोड झालं, असं मी कोणाला सांगत नाही. निघताना तू तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलास आणि ती वाकली नाही, म्हणून तुझा हात खांद्यावर राहिला. पण त्यानंतर तू जात राहिलास. कधी वहिनींना घेऊन, कधी एकटा. तिची शिवणयंत्रं तू दुरुस्त करून द्यायचास. ती वणीला आली तेव्हा तू भोकातून मला ओरडून सांगितलंस, जणू मी बहिरा आहे, "नंदा आली! चहा जास्त सांग!" आणि मग एका साध्या दिवशी, आंघोळ करून, शर्ट घालता घालता तू गेलास. ते मी लिहीत नाही. मी तिथे नव्हतो.

तेरवीचं सगळं उरकल्यावर नंदा माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली. थोडा वेळ वहिनींचं काय करायचं ते बोललो. त्या तिच्यासोबत पुसदला जाणार आहेत. मग तिनं विचारलं, "काका, खरं सांगा. बाबाले गळती खरंच सापडत नव्हती का?"

मी विचार केला. म्हटलं, "सापडत नव्हती हे खरं. पण शोधतबी नव्हता. सापडली असती तर तुह्याकडे यावं लागलं असतं. त्याची त्याले भीती होती."

"मग शेवटी काहून शोधली?"

"तुह्या सहीपायी. तुह्या आईनं घरी येऊन त्याले सांगितलं. तू डॉक्टरले काय म्हटलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, म्हणाला, खोल."

ती स्टुलावरून उठली. मला वाटलं, आईनं सांगितलं याचा तिला राग आला. वहिनींची बाजू घ्यावी म्हणून मी म्हटलं, "त्यायच्या तोंडून निघून गेलं असंन, बाई."

"निघून नाही गेलं," नंदा म्हणाली. "आईले मीच सांगितलं होतं. मी दवाखान्यातून निघाली तवा तिले म्हटलं, घरी गेली की बाबाले हे सांगजो. जसंच्या तसं सांगजो."

मग तिनं विचारलं की किल्ली कुठे आहे, आणि तुझं शटर उघडायला ती गेली.

ही गोष्ट तुला कळली नाही. वहिनींनी तुला सांगितली नाही, नंदानं सांगितली नाही, आणि मला तर ती कळली तेव्हा तू नव्हतास. तुला शेवटपर्यंत वाटत होतं की पुसदला तू आपणहून गेलास, न बोलावता, तोंड वर करून. तसं नव्हतं, मनोहर. तुला तिनं बोलावलं होतं.